राउटरचा सीपीयू १०० टक्के? नवीन राउटर घेण्याआधी हे तपासा



संध्याकाळी ऐन गर्दीत बिलिंग अडकतं. ग्राहक म्हणतो पैसे गेले, काउंटरवर मेसेज येत नाही. इंटरनेटवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, लाइन ओके आहे. मग कोणीतरी राउटर उघडून बघतं, तर सीपीयू १०० टक्के! आणि लगेच सल्ला मिळतो: राउटर लहान पडतोय, मोठा घ्या.

जरा थांबा. सीपीयू वाढणं म्हणजे ताप येण्यासारखं आहे. ताप कशाचा आहे ते न बघता नवीन राउटर आणला, तर अनेकदा तोच ताप नव्या राउटरलाही येतो. पैसे गेले आणि दुखणं जागेवरच.

आज उदाहरणाला मायक्रोटिकचा राउटर घेऊ, कारण छोट्या ऑफिसांत आणि हॉटेलांत तो बराच दिसतो. तुमचा राउटर दुसरा असेल तर मेनूची नावं बदलतील, पण विचार करायची पद्धत हीच.

पायरी १: सीपीयू कोण खातंय ते बघा

विनबॉक्स उघडा, ‘टूल्स’मध्ये ‘प्रोफाइल’ सुरू करा. कोणतं काम किती टक्के सीपीयू घेतंय, त्याची यादी समोर येते. ‘डीएनएस’, ‘फायरवॉल’, ‘क्यूइंग’, ‘एन्क्रिप्टिंग’ अशी नावं दिसतील. सगळ्यात वर कोण आहे, त्याचा फोटो काढून ठेवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. राउटरला ४ कोअर असतील आणि एकच कोअर पूर्ण भरला असेल, तर एकूण आकडा फक्त २५ टक्के दिसतो. म्हणून प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा बघा.

पायरी २: दुकान बंद झाल्यावर परत बघा

ही सगळ्यात सोपी आणि फुकटची चाचणी आहे. सगळे घरी गेले, कॉम्प्युटर बंद, कॅमेऱ्यांचं किंवा बॅकअपचं अपलोडही चालू नाही. अशा वेळी सीपीयू जवळपास रिकामा असायला हवा. गर्दीच्या वेळीच वाढत असेल तर तो तुमच्या कामाचा भार आहे. रात्रीही चढलेलाच असेल, तर एक तर बाहेरचं कोणी तुमचा राउटर वापरतंय, नाही तर आत वायरिंगचा घोळ आहे.

पायरी ३: ‘डीएनएस’ वर दिसतंय? मग दार उघडं आहे

वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणं हे डीएनएसचं काम. राउटरने ते ऑफिसमधल्या लोकांसाठी करायचं असतं. पण ‘अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स’ चालू असेल आणि फायरवॉल नीट नसेल, तर अख्ख्या जगाला तो उत्तरं देत बसतो. हल्लेखोर याचा फायदा घेतात. ते दुसऱ्याच कोणाचा तरी खोटा पत्ता लावून छोटा प्रश्न पाठवतात, आणि त्याचं कितीतरी पट मोठं उत्तर तुमचा राउटर त्या बिचाऱ्याच्या अंगावर टाकतो. म्हणजे तुमच्या पैशाची लाइन वापरून दुसऱ्यावर हल्ला चालू असतो!

उपाय: इंटरनेटच्या बाजूने ५३ नंबरच्या पोर्टवर येणारं यूडीपी आणि टीसीपी, दोन्ही ‘इनपुट’ चेनमध्ये ड्रॉप करा. नियम यादीत वरच्या बाजूला ठेवा.

इथे बरेच जण फसतात. नियम ‘ईथर१’वर लावलेला असतो, पण कनेक्शन पीपीपीओईचं, म्हणजे युजरनेम-पासवर्डवालं असतं. अशा वेळी ट्रॅफिक ‘पीपीपीओई-आउट१’ या इंटरफेसवरून आत येतं. नियम कागदावर आहे, पण दार उघडंच! तुमचा नियम कोणत्या इंटरफेसवर आहे ते आजच बघा.

पायरी ४: ‘फायरवॉल’ वर दिसतंय? फास्टट्रॅक बघा

नियम जितके जास्त, तितकी तपासणी जास्त. आधीच ओळख पटलेल्या कनेक्शनच्या प्रत्येक पॅकेटला परत परत थांबवायची गरज नसते. त्यासाठी राउटरओएस ६.२९ पासून ‘फास्टट्रॅक’ आलं आहे. टोलनाक्यावरच्या फास्टॅग लेनसारखंच समजा. पण एक अट आहे: फास्टट्रॅक झालेल्या कनेक्शनवर ‘सिंपल क्यू’ची स्पीड मर्यादा लागू होत नाही. प्रत्येकाला ठरावीक स्पीड वाटून दिला असेल, तर हे विचार करूनच चालू करा.

बाकीची कारणं थोडक्यात

स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली आहेत का ते शोधा. ‘एन्क्रिप्टिंग’ वर असेल तर व्हीपीएनचा भार आहे. ‘एसएसएच’ वर असेल तर बाहेरून कोणी पासवर्डचे अंदाज लावत असेल. ‘आयपी’मधल्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन नको असलेल्या सेवा बंद करा आणि विनबॉक्स फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधूनच उघडेल असं ठेवा.

आणि अपडेट टाळू नका. २०१८ मध्ये विनबॉक्समधली एक गंभीर त्रुटी सापडली. कंपनीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुरुस्ती दिली, तरी पुढच्या काही महिन्यांत अपडेट न केलेले हजारो राउटर हल्लेखोरांनी ताब्यात घेतले.

हात लावण्याआधी

बॅकअप घ्या आणि विनबॉक्समधला ‘सेफ मोड’ चालू करा. चुकीच्या नियमामुळे तुम्हीच बाहेर फेकले गेलात, तर बदल आपोआप मागे घेतले जातात. सगळं नीट चाललं की सेफ मोड बंद करा, म्हणजे बदल कायम होतील.

मग नवीन राउटर कधी घ्यायचा?

दारं बंद आहेत, नियम सुटसुटीत आहेत, रात्री सीपीयू शांत असतो, आणि तरीही कामाच्या वेळी तो रोज भरतो. तेव्हा खुशाल घ्या. धंदा वाढला म्हणून केलेला तो खर्च आहे.

तोपर्यंत कोणी ‘राउटर बदला’ म्हणालं, तर भांडू नका. एवढंच विचारा: “प्रोफाइलमध्ये सगळ्यात वर काय आहे, ते दाखवता का?” जो दाखवेल आणि समजावून सांगेल, तोच तुमचा माणूस.

तुमच्या राउटरमध्ये वर काय दिसलं, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!