गॉडझिला जिंकला की डोरेमॉन?

एका बाजूला गॉडझिला. समुद्रातून डोकं वर काढतो, शेपटीच्या एका फटक्यात इमारती पाडतो आणि तोंडातून किरणांचा झोत सोडतो. दुसऱ्या बाजूला डोरेमॉन. गोलमटोल, निळा मांजर-रोबो, पोटावरच्या खिशातून वाट्टेल ते काढणारा आणि उंदीर दिसला की धूम ठोकणारा. या दोघांची कुस्ती लागली तर कोण जिंकेल?

अहो, ही कुस्ती खरोखर झाली आहे! पडद्यावर नाही, तिकीटबारीवर. दोघंही जपानचे. दोघांचेही चित्रपट तोहो नावाच्या एकाच कंपनीनं थिएटरांत आणले. आणि दोघांच्याही मालिका इतक्या वर्षांपासून चालू आहेत की पहिला भाग पाहणारी मुलं आता आजी-आजोबा झाली आहेत. मग जास्त लोकप्रिय कोण? तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, ज्यानं जास्त पैसे कमावले तो!

थांबा. पैसे मोजून हे कळतं का, ते आधी बघू. त्यासाठी जरा अमेरिकेत जाऊन येऊ.

२५ मे १९७७ या दिवशी ‘स्टार वॉर्स’चा पहिला चित्रपट लागला. किती थिएटरांत? फक्त ३२! पण लोकांनी अशा रांगा लावल्या की थिएटरं वाढत गेली. त्या पहिल्या फेरीत अमेरिका आणि कॅनडा मिळून त्याचा गल्ला ३० कोटी डॉलरच्या थोडा वर गेला. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये याच मालिकेतला ‘द फोर्स अवेकन्स’ आला. तो पहिल्याच दिवशी ४,००० हून जास्त थिएटरांत होता आणि त्यानं तिथं ९३ कोटी डॉलरहून जास्त कमावले. म्हणजे तिपटीहून अधिक. नव्यानं जुन्याला पार झोपवलं, असंच वाटतं ना?

आता वही घ्या. १९७७ साली अमेरिकेत एका तिकिटाची सरासरी किंमत होती २ डॉलर २३ सेंट. २०१५ साली ती झाली ८ डॉलर ४३ सेंट. गल्ल्याला तिकिटाच्या किमतीनं भागा. जुन्या चित्रपटाची तिकिटं येतात साडेतेरा कोटींच्या आसपास. नव्याची येतात अकरा कोटींच्या आसपास. जुना पुढे गेला! हा हिशेब ढोबळ आहे. नव्या चित्रपटाची बरीच तिकिटं तर थ्रीडीची, म्हणजे महाग होती; त्यामुळे खरा आकडा अकरा कोटींहून कमीच भरेल. शिवाय १९७७ साली अमेरिकेची लोकसंख्या साधारण २२ कोटी होती आणि २०१५ साली ३२ कोटी. माणसं कमी असताना तिकिटं जास्त खपली. मला हा भागाकार फार आवडतो. दोन ओळींचं गणित, पण निकाल उलटा फिरवतं.

महागाईमुळे पैशाची किंमत अशी सतत बदलत असते. १९७७ चा डॉलर आणि २०१५ चा डॉलर यांचं नाव एकच असलं तरी त्यांत सारखं काही विकत मिळत नाही. वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या घेऊन उंच कोण ते ठरवता येईल का? म्हणून लांब चाललेल्या मालिकांची तुलना करताना पैसे बाजूला ठेवायचे आणि तिकिटं मोजायची.

चला, आता जपानला.

पहिला ‘गॉडझिला’ लागला ३ नोव्हेंबर १९५४ रोजी. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेनं प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती आणि तिची किरणोत्सारी राख मासे पकडायला गेलेल्या एका जपानी बोटीवर पडली होती. हिरोशिमा आणि नागासाकीला तर नऊच वर्षं झाली होती. बॉम्बमुळे जागा झालेला प्राणी टोकियोवर चालून येतो, ही गोष्ट त्या प्रेक्षकांना नुसती करमणूक वाटली नसणार. त्या वेळी चित्रपटांत संगणकाच्या करामती नव्हत्या. हारुओ नाकाजिमा नावाचे नट जाडजूड रबरी पोशाखात शिरायचे आणि इवल्या इवल्या इमारतींचं टोकियो पायाखाली तुडवायचे. पहिल्या पोशाखाचं वजन होतं शंभर किलोच्या आसपास! या चित्रपटाची जपानमध्ये सुमारे ९६ लाख तिकिटं खपली. १९६२ साली गॉडझिलाची किंग काँगशी झुंज लावली, तेव्हा तर १ कोटी १० लाखांहून जास्त.

आणि मग उतार लागला. चित्रपट येत राहिले, प्रेक्षक घटत गेले. १९७५ च्या चित्रपटाची तिकिटं दहा लाखसुद्धा भरली नाहीत. ती होती सुमारे ९ लाख ७० हजार. तोहोनं मग मालिकाच थांबवली आणि १९८४ पर्यंत गॉडझिला पडद्यावर आला नाही.

९६ लाखांवरून पावणेदहा लाख, म्हणजे लोकप्रियता दहा पटींनी घसरली? पुन्हा थांबा! इथं आणखी एक आकडा विचारायला हवा: त्या वर्षी जपानमध्ये सगळ्या चित्रपटांची मिळून किती तिकिटं खपली? १९५४ साली ८० कोटींच्या वर. १९५८ साली तर ११२ कोटींच्या वर. मग घरोघरी टीव्ही आला, आणि १९७५ पर्यंत हा आकडा घसरत घसरत १७ कोटींवर आला. सगळी थिएटरंच ओस पडली होती. १९५४ मध्ये दर हजार तिकिटांतली साधारण १२ गॉडझिलाची होती, १९७५ मध्ये ५ ते ६. म्हणजे गॉडझिलाचा वाटा निम्म्यावर आला, दहाव्या हिश्शावर नव्हे. त्या बिचाऱ्याचा एकट्याचा दोष नव्हता तर!

अशा ओसरत्या काळात डोरेमॉन आला. त्याची चित्रकथा १९६९ च्या अखेरीस सुरू झाली होती, आणि पहिला मोठा चित्रपट लागला मार्च १९८० मध्ये. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी एक. आपल्याकडे आपण त्याला टीव्हीवर पाहतो. जपानमधली मुलं मात्र मार्च उजाडला की थिएटरात जातात. मार्चच का? जपानच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, त्याआधी वसंताची सुट्टी असते. परीक्षा नाहीत, गृहपाठ नाही, चला डोरेमॉन आणि त्याचा मित्र नोबिता यांच्याबरोबर!

दर काही वर्षांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांची नवी तुकडी तयार होते आणि तिच्यासाठी सगळं नवीनच असतं. १९८० चा पहिला चित्रपट होता नोबिता आणि डायनासोरचा. तीच गोष्ट २००६ मध्ये पुन्हा नव्यानं चितारून आणली, आणि मुलांना घेऊन येणाऱ्या कित्येक आई-बाबांनी लहानपणी जुना चित्रपट पाहिलेला होता. मधे २००५ मध्ये आवाज देणारे सगळे मुख्य कलाकार बदलले, त्या वर्षी नवा चित्रपट आला नाही. त्याआधीच, १९९६ मध्ये, डोरेमॉनला जन्म देणारे फुजिको एफ. फुजिओ वारले. तरी मालिका थांबली नाही.

आता निकाल! २०१३ मध्ये डोरेमॉनचा तेहतिसावा चित्रपट आला आणि मालिकेच्या एकूण तिकिटांनी जपानमध्ये १० कोटींचा टप्पा ओलांडला. तोवर गॉडझिलाचे २८ जपानी चित्रपट झाले होते आणि त्यांची तिकिटं होती ९ कोटी ९० लाखांच्या थोडी वर. इतकी चुरशीची कुस्ती! निळ्या मांजरानं राक्षसाला चीत केलं ते अगदी थोडक्यात.

पण तुमच्यातला एखादा हुशार हात वर करेल: ‘डोरेमॉननं पाच चित्रपट जास्त काढले, मग तो पुढे जाणारच की!’ अगदी बरोबर. सरासरी काढली तर गॉडझिलाला एका चित्रपटामागे ३५ लाख तिकिटं पडतात आणि डोरेमॉनला ३० लाख. एकूण बेरजेत डोरेमॉन, सरासरीत गॉडझिला.

ही बेरीज आणि सरासरीची ओढाताण सगळीकडे दिसते. जेम्स बाँडचे मुख्य मालिकेतले २५ चित्रपट १९६२ ते २०२१ या काळात आले, हॅरी पॉटरचे ८ चित्रपट २००१ ते २०११ मध्ये. दोघांचीही जगभरची कमाई ७५० कोटी डॉलरच्या पुढे. म्हणजे बाँडला चित्रपटामागे साधारण ३० कोटी आणि हॅरीला ९० कोटींच्या वर. पण बाँडचे सुरुवातीचे पैसे साठ वर्षांपूर्वीचे आहेत, हे तुम्हाला आता सांगायला नको! बेरजेत मार्व्हलला तोड नाही: २००८ ते २०१९ मधल्या २३ चित्रपटांची कमाई २,२०० कोटी डॉलरहून जास्त. सरासरीत मात्र ‘अवतार’ सगळ्यांना मागे टाकतो. त्याच्या पहिल्या दोन चित्रपटांची सरासरीच २५० कोटी डॉलरच्या वर जाते. दोन चित्रपटांच्या बळावर त्याला लांब पल्ल्याचा राजा म्हणायला मात्र मी तयार नाही.

माझं मत डोरेमॉनला. एक तर ज्या काळात जपानची थिएटरं रिकामी पडत होती, त्या काळात त्यानं ती भरली. दुसरं म्हणजे मुलांचं तिकीट मोठ्यांपेक्षा स्वस्त असतं, त्यामुळे पैशांत मोजलं की मुलांचे चित्रपट कायम थोडे मागे दिसतात. थिएटरात बसलेलं मूल मोठ्या माणसापेक्षा कमी प्रेक्षक असतं का? गॉडझिलाच्या बाजूचे असाल तर तुमच्याकडेही दमदार मुद्दा आहे: सत्तरीला टेकलेल्या या राक्षसाच्या ‘गॉडझिला मायनस वन’ला २०२४ मध्ये दृश्य-करामतींसाठी ऑस्कर मिळालं.

तिकिटं मोजायची ही रीत काही देशांत आहेच: फ्रान्समध्ये चित्रपट किती चालला हे पैशांत नव्हे, तिकिटांतच सांगतात. दक्षिण कोरियातही तसंच. २००२ चा ‘ॲस्टेरिक्स आणि क्लिओपात्रा’चा चित्रपट फ्रान्समध्ये १ कोटी ४० लाखांहून जास्त तिकिटांचा होता, आणि ही संख्या पन्नास वर्षांनीही तेवढीच मोठी राहील. आपल्याकडे मात्र बातमी येते ती शंभर कोटींची, पाचशे कोटींची. पुढच्या वेळी अशी बातमी दिसली की तिकीट केवढ्याला होतं ते शोधा आणि भागाकार करा. आणि आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी तिकीट किती आण्यांचं किंवा रुपयांचं होतं. त्यांचं उत्तर आणि तुमचं गणित आम्हाला नक्की लिहून पाठवा.