आधी एसएसडी, मग बाकीचं

2017 च्या सुमारास असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप अजून बऱ्याच घरांत टेबलाखाली घरघरत असतो. आत इंटेलचा आय-5 7400, 8 जीबी रॅम आणि 1 टीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकावा, चहा होतो तरी विंडोज यायचंच असतं. मग घरातले कॉलेजकुमार ग्राफिक्स कार्ड मागतात आणि लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार थेट नवं मशीनच सुचवतो.

दोघांचं ऐकण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. रोजची कामं चालू ठेवून त्यातला परफॉर्मन्सचा भाग बघावा. प्रोसेसर निवांत आणि डिस्क मात्र 100 टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर दोषी सापडला.

अशा हार्ड डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला 7200 फेरे मारते, तरी हव्या त्या जागी पोचायला दर वेळी दहाएक मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना असंख्य छोट्या फायली वाचल्या जातात आणि ही दिरंगाई साठत जाते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. बोर्डवर एनव्हीएमईसाठी जागा नसेल तर साधी साटा एसएसडी घ्यावी. सेकंदाला 550 एमबीच्या आसपासचा तिचा वेग घरकामाला पुरून उरतो.

रॅम सतत नव्वद टक्क्यांवर असेल तरच 16 जीबीचा विचार करावा. 2025 च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीने रॅम चांगलीच महागली.

प्रोसेसर बदलण्यात खरी मेख आहे. इंटेलची आठवी पिढी 7400 च्या सॉकेटमध्ये बसते, पण जुन्या चिपसेटवर चालत नाही. एएमडीवाले इथे नशीबवान: 2017 च्या बऱ्याच एएम4 बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन 5000 चालतो.

ग्राफिक्स कार्ड गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठीच, आणि तेही एसएमपीएस तेवढी वीज देऊ शकतो का हे तपासून.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत 7400 नाही. त्यामुळे या मशीनवर मोठा खर्च करू नये. एसएसडी मात्र उद्या काढून नव्या मशीनला लावता येते.