भाड्याच्या जागेत परक्याचा कचरा

व्यापारी बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांच्या वखारी भाड्याने दिलेल्या आहेत, आणि अनेकजण स्वतः दुसऱ्याच्या वखारीत भाडेकरू आहेत. अशा वखारीच्या मागील मोकळ्या जागेत रात्रीतून कोणी राडारोडा आणून टाकला, तर तो उचलावा कोणी, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु त्यापायी जुने संबंध तुटलेले आम्ही पाहिले आहेत. आमचेही तुटण्याच्या बेतात होते.

काही वर्षांपूर्वी बेळगावातील आमच्या एका वखारीमागे पावसाळ्याच्या तोंडावर विटांचे तुकडे, फुटक्या फरशा व कुजका पाला यांचा ढीग साचला. गटार तुंबले, भिंतीस ओल धरली आणि खालच्या थपीतील तांदळाची पोती काळी पडली. पाठोपाठ घुशी आल्या. आम्ही सर्व दोष भाडेकरूवर ठेवून अनामत रक्कम अडकवून धरली. ते गृहस्थ एवढेच म्हणाले, "शेठजी, पहिली गाडी पडली त्याच दिवशी मी आपल्या पेढीवर सांगून आलो होतो." आम्ही वही उघडून पाहिली. मुनिमांनी तारखेसह नोंद केलेली होती. ती वाचण्याची तसदी मात्र आम्ही घेतली नव्हती. पुढे त्याच ढिगात सिमेंटच्या दुकानाची एक पावती सापडली व माल शेजारच्या गल्लीत चाललेल्या घरदुरुस्तीचा असल्याचे उघड झाले. अनामत आम्ही त्याच दिवशी परत केली आणि क्षमाही मागितली.

त्यानंतर आम्ही वकिलांकडून कायदा समजून घेतला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे, करारात अन्यथा ठरले नसल्यास, भाडेकरूने जागा स्वाभाविक झीज वगळता मूळ स्थितीत राखावयाची असते. आणि मालकाच्या हक्कास कोणी बाध आणीत असल्याचे कळताच त्याने मालकास वेळेवर सूचना द्यावयाची असते. आमच्या भाडेकरूंनी ते कर्तव्य पार पाडले होते. चुकलो होतो आम्ही.

म्हणून असा प्रसंग आल्यास क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम ढीग हलविण्यापूर्वी त्याची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि दोन शेजाऱ्यांसमक्ष पंचनामा लिहून ठेवावा. ढिगातील पावत्या, पत्ते लिहिलेले कागद व पिशव्या जपून ठेवाव्यात. गाडीचा क्रमांक कोणी पाहिला असल्यास टिपून घ्यावा. नंतर महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. टाकणारा सापडल्यास आधी सामोपचाराने बोलावे. पुष्कळदा तेवढ्यानेच गाडी परत येते. ढीग पेटवून देण्याचा मोह मात्र टाळावा. वखारीशेजारी आग हा धोका तर आहेच. शिवाय त्यात आश्रयास आलेल्या असंख्य जीवांची हत्या होते.

सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते. पूर्वी हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आला आहे. ह्याच जुन्या कलमाखाली माळव्यातील रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारे व घाण यांविरुद्ध तक्रार केली होती. नगरपालिकेने पैसा नसल्याचे कारण पुढे केले. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राने, ते कारण अमान्य केले. सामान्य नागरिकांच्या चिकाटीचे हे फळ आपण ध्यानी ठेवावे.

तथापि उपचारापेक्षा प्रतिबंध स्वस्त. मोकळ्या जागेस तारेचे कुंपण व कुलपाचे फाटक असावे, रात्री दिवा असावा, आणि पहिली टोपली पडताच ती उचलावी. कारण एका टोपलीवर दुसरी टाकण्यास कोणास संकोच वाटत नाही. भाडेपट्ट्यात परक्याने टाकलेला कचरा कोणाच्या खर्चाने उचलावयाचा हे स्पष्ट लिहावे. जागा देताना व परत घेताना दोघांनी मिळून ती पाहावी.

आणि शेवटी, मुनिमांनी लिहिलेली वही मालकाने रोज वाचावी. आमच्या त्या पोत्यांचे नुकसान पुढे भरून निघाले. परंतु निर्दोष माणसास लावलेला बोल आमच्या मनातून आजही पुसला गेलेला नाही.