हिटलरला भारताबद्दल आदर होता म्हणे!

गैरसमज: नाझींनी पुस्तकं जाळली, चित्रं हटवली ती फक्त ज्यूंची आणि कम्युनिस्टांची. भारतीयांना हिटलर आर्य मानायचा, म्हणून तर त्याने आपलं स्वस्तिक घेतलं.

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर हिटलरचं ‘माइन काम्फ’ राजरोस विकलं जातं, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातही. दोन्हीकडे हे वाक्य कानावर येतं, शिकलेल्या माणसांच्या तोंडून, आणि संताप येतो. कारण ते खोडून काढणारा पुरावा कोलकात्याच्याच थोर माणसाच्या आयुष्यात आहे.

वस्तुस्थिती: रवींद्रनाथ टागोर चित्रकलेकडे वळले ते साठी ओलांडल्यावर. हस्तलिखितातले खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यातून बाकदार चोचीचे पक्षी, कुठलेच नसलेले प्राणी, मुखवट्यांसारखे चेहरे उमटू लागले. जुलै १९३० मध्ये बर्लिनला या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि त्यांतली पाच चित्रं त्यांनी तिथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाला भेट दिली. १९३७ मध्ये नाझींनी जर्मन संग्रहालयांतून सुमारे वीस हजार कलाकृती ‘विकृत कला’ ठरवून उचलल्या. त्यांत ही पाचही होती. ना नोबेल पारितोषिक आड आलं, ना जर्मनीत लाखोंनी खपलेली पुस्तकं, ना तथाकथित आर्य वंश.

त्याच वर्षी म्युनिकमध्ये पाउल क्ले आणि कांडिन्स्की यांची चित्रं टिंगलीसाठी मांडली गेली. या दोघांच्या कलाकृती कोलकात्याने डिसेंबर १९२२ मध्येच, इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात, मानाने लावल्या होत्या.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी ‘माइन काम्फ’चा दुसरा खंड उघडावा. परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत हिटलर भारतीय स्वातंत्र्यवाद्यांची खिल्ली उडवतो आणि भारत इतर कुणापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असं स्वच्छ लिहितो. याला आदर म्हणायचं?

‘मग नेताजी तिकडे कसे गेले?’ हा प्रश्न हमखास येतो. इंग्रजांविरुद्ध मदत हवी होती म्हणून गेले, भाबडेपणाने नव्हे. मार्च १९३६ मध्येच त्यांनी म्युनिकच्या जर्मन अकादमीला पत्र लिहून नाझींच्या वंशश्रेष्ठत्वाच्या भाषेचा निषेध केला होता. २९ मे १९४२ रोजी हिटलरची भेट झाली तेव्हाही त्या पुस्तकातला भारताविषयीचा मजकूर त्यांनी समोरासमोर काढला. नेताजींचं नाव घेऊन हिटलरची भलामण करणाऱ्यांना नेताजीच ठाऊक नाहीत.

राहता राहिलं स्वस्तिक. हे चिन्ह युरोपातही प्राचीन काळापासून होतं. १८७०च्या दशकात ट्रॉयच्या उत्खननात ते सापडल्यावर त्याचं वेड पसरलं आणि जर्मन वंशवादी गटांनी ते उचललं. हिटलरने ते त्यांच्याकडून घेतलं. आपल्या झेंड्यावर त्याचा अर्थ काय, हेही त्यानेच लिहून ठेवलं आहे: आर्यांच्या विजयाचा लढा आणि ज्यूद्वेष. त्यात भारताचा मान कुठेच नाही.

आणखी काही गैरसमज:

‘नाझींचं स्वस्तिक उलटं होतं.’ नाही. त्याच्या भुजा आपल्या स्वस्तिकासारख्याच उजवीकडे वळतात. बहुतेकदा ते तिरकं उभं केलेलं असे, एवढंच.

‘जर्मनीत स्वस्तिकावर सरसकट बंदी आहे.’ नाही. दंडसंहितेचं कलम ८६अ बंदी घातलेल्या संघटनांच्या चिन्हांसाठी आहे. कला, संशोधन, अध्यापन यांना त्यात सूट आहे, आणि नाझीविरोधी फलकावरचं फुली मारलेलं चिन्ह गुन्हा नाही, असा तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाचा २००७चा निकाल आहे.

‘माइन काम्फ जर्मनीत बाळगणंही गुन्हा होता.’ नाही. बव्हेरिया सरकारने २०१५ अखेरपर्यंत स्वामित्वहक्काच्या जोरावर नवी छपाई रोखली, पण जुन्या प्रती बाळगणं कायदेशीर होतं. २०१६ मध्ये म्युनिकच्या इतिहास संस्थेने हजारो टिपांसह, पानोपानी खोटेपणा दाखवत ते छापलं. आपल्या फुटपाथवर ते टिपांशिवाय मिळतं. घ्यायचंच असेल तर जरूर घ्या, पण भारताबद्दलची पानं आधी वाचा.