आजी लुगडं नेसते, डेन्मार्कची आजी काय करते?

बालमित्रांनो, ‘कपडे कर लवकर, शाळेची वेळ झाली!’ असं आईनं म्हटलं, की तुम्ही काही शिवणयंत्रावर जाऊन बसत नाही. मुकाट्यानं गणवेश अंगात चढवता. पण मराठी नव्यानं शिकणारा परदेशी माणूस इथं नक्की गोंधळेल. कुठलीही भाषा शिकताना पहिली फजिती होते ती अशा साध्यासुध्या, रोजच्या बोलण्यात.

आता उलट करून पाहू. समजा तुम्ही डेन्मार्कला गेलात आणि तिथली भाषा, म्हणजे डॅनिश, शिकायला बसलात. कपड्यांच्या बाबतीत ती फार सोपी निघते. एक क्रियापद ऐकू येतं ‘टा’ असं, म्हणजे ‘घेतो’. मग कपड्याचं नाव यायचं आणि शेवटी ‘पॉ’, म्हणजे ‘वर’. कोट अंगावर घेतो, बूट घेतो, टोपी घेतो, सगळ्याला ‘टा... पॉ’! कपडा अंगावर चढला, की ‘टा’च्या जागी ‘हा’ येतं. ‘हा... पॉ’ म्हणजे ‘अंगावर आहे’. कपडा काढायचा असेल तर पुन्हा ‘टा’, फक्त शेवटचा ‘पॉ’ बदलतो. झालं! (लिहिताना मात्र यात बरीच जास्त अक्षरं असतात. ती गिळायची कशी, हे शिकण्यातच डॅनिश शिकणाऱ्याचा दम निघतो.)

ही ‘टा’ आणि ‘हा’ची जोडी आपल्या वऱ्हाडी मुलांना चटकन कळेल. अकोल्याचा मुलगा म्हणतो, ‘मी सदरा घालून राह्यलो’, म्हणजे काम चालू आहे. आणि ‘मी सदरा घालून आहो’, म्हणजे काम झालं, सदरा अंगावर आहे. हे बोलणं ऐकून पुण्यामुंबईकडची काही मंडळी हसतात. हसू द्या! डॅनिश लोक दोन वेगळी क्रियापदं वापरून जो फरक दाखवतात, तोच आपण ‘राह्यलो’ आणि ‘आहो’नं दाखवतो.

पण एका डॅनिश मुलाला मराठी शिकवायला घ्या, म्हणजे खरी गंमत! सदरा घालायचा, पण धोतर नेसायचं. शाल पांघरायची, फेटा बांधायचा, ओढणी घ्यायची, गजरा माळायचा, टिकली लावायची. बांगड्या तर भरायच्या! काढतानाही तेच. सदरा काढतात, लुगडं फेडतात आणि बांगडी फुटली तर ती ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. तो मुलगा बिचारा वही मिटून पळून जाईल.

यातला ‘नेसणे’ हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. न शिवलेलं, लांबच लांब कापड अंगाभोवती गुंडाळून, खोचून, निऱ्या काढून बसवायचं, ते नेसणं. शिवलेल्या कपड्यात आपण नुसते शिरतो, ते घालणं. आणि व्याकरण पाहा! ‘आजीनं पोलकं घातलं’ म्हणतो, तेव्हा क्रियापद पोलक्याचं ऐकतं. पण ‘आजी लुगडं नेसली’ म्हणताना ते लुगड्याकडे बघतही नाही, थेट आजीचं ऐकतं. ‘आजोबा धोतर नेसले’, पण ‘आजोबांनी कोट घातला’. जेवणे, शिकणे ही क्रियापदंही अशीच वागतात. जे केलं ते करणाऱ्याच्याच अंगी लागतं, म्हणून असेल.

हल्ली मात्र ‘ताईनं साडी घातली’ असं सर्रास ऐकू येतं. आईबाबांनो, जरा कान द्या. साडी मशीनवर शिवून तयार मिळायला लागली, म्हणून तिला ‘घातली’ म्हणणं एक वेळ चालेल. पण सहावारी, नऊवारीला ‘नेसणं’च शोभतं. घरात आपण ते म्हटलं नाही, तर मुलांच्या कानावर पडणार कुठून?

शब्द जुनाही किती! संस्कृतात ‘वस्’ म्हणजे अंगावर वस्त्र धारण करणं. त्याच्या मागे ‘नि’ लागला आणि घासत घासत ‘नेसणे’ झालं. ‘वस्त्र’ त्याच ‘वस्’चं. आणि डॅनिशमध्ये बिनबाह्यांच्या जाकिटाला म्हणतात ‘वेस्ट’! हा शब्द तिकडे फ्रेंचच्या वाटेनं गेला. त्याचं मूळ लॅटिन ‘वेस्टिस’, आणि ते व आपलं ‘वस्त्र’ एकाच घराण्यातले. म्हणजे आजीचं नेसणं आणि डॅनिश आजोबांचं जाकीट लांबचे भाऊबंद निघाले की! भाषांची अशी नाती शोधणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासकांत एक डेन्मार्कचाच होता, रास्मुस रास्क. तो १८२० साली आपल्या मुंबईत आला होता आणि पारशांची जुनी हस्तलिखितं घेऊन गेला.

तिकडे हिवाळ्यात लहान मुलांना डोक्यापासून घोट्यापर्यंत एकच जाड पोशाख चढवतात. त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘वैमानिकाचा पोशाख’! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की ‘दुपट्टा बांधल्याबिगर बाहीर जाऊ नको’ अशी तंबी मिळते. थंडी असो की ऊन, आयांचं काम तेच.

आता एक अवघड प्रश्न. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा अंगात चिंध्यांचा सदरा घालत, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. आणि डोक्यावर टोपीसारखं पालथं गाडगं! जेवायचं तेही त्यातच. डॅनिश माणूस त्या गाडग्यालाही बेधडक ‘टा... पॉ’ म्हणेल. आपण काय म्हणायचं, घातलं, ठेवलं की चढवलं? आज जेवताना आजीला विचारा. आणि चष्मा घालायचा की लावायचा, हेही विचारून घ्या. पण भांडण झालं तर आमचं नाव सांगू नका!