ऊन पाणी, तेल आणि विसांवा

लांजा तालुक्याला समुद्रकिनारा नाहीं. माचाळच्या डोंगरांत उगम पावलेली मुचकुंदी नदी या तालुक्यांतून वाहत जाऊन पूर्णगडाशीं समुद्रास मिळते, तेवढाच काय तो समुद्राशीं संबंध. परंतु मुंबईहून गोव्यास जाणारा महामार्ग लांज्यावरूनच गेला आहे, आणि नाताळांत व मे महिन्यांत जी मोटारींची रांग त्यावरून दक्षिणेकडे जाते, तिच्यांतील पुष्कळशी मंडळी किनाऱ्यावरील एखाद्या रिसॉर्टमध्यें चार दिवस विसांवा घेण्याकरितां निघालेली असतात. अलीकडे तींत या भागांतील कुटुंबेंहि असूं लागलीं आहेत. मुंबईस नोकरी करणारा मुलगा आईवडिलांस आग्रहानें नेतो. तेथें समुद्र, जेवण, पोहण्याचा तलाव यांबरोबर ‘स्पा’ नांवाचा एक प्रकार असतो, आणि साठी उलटलेल्या वडिलांस तो प्रकार काय आहे याचा नीट उलगडा होत नाहीं. त्यांत शरीरास उपकारक असें नेमकें काय आहे, केवळ बोलण्याचें काय आहे, आणि त्यासाठीं गोव्यापर्यंत जाण्याची कितपत गरज आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम रिसॉर्टची रीत. खोली, चहा, दोन्ही वेळचें जेवण, खेळ व पोहणें या सर्वांचें एकच मूल्य आगाऊ भरावयाचें आणि परत निघेपर्यंत खिशांत हात घालावयाचा नाहीं, ही पद्धत लोकप्रिय होण्यास १९५० हें वर्ष महत्त्वाचें ठरलें. जेरार ब्लिट्झ नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें त्या वर्षीं स्पेनच्या मायोर्का बेटावर समुद्रकांठीं तंबू ठोकून ‘क्लब मेडिटरेनियन’ची पहिली वसाहत मांडली. पुढें या क्लबाच्या वसाहतींत पेयांचें मूल्य गळ्यांतील माळेचे मणी मोजून देण्याची प्रथा पडली. म्हणजे पैसा नाहींसा झाला नव्हता. तो खिशांतून निघून गळ्यांत आला होता, इतकेंच. आजच्या एकरकमी रिसॉर्टमध्येंहि स्पाचा दर बहुधा निराळाच असतो. म्हणून दरपत्रक वाचतांना ‘समाविष्ट’ आणि ‘उपलब्ध’ या दोन शब्दांतील अंतर ध्यानांत ठेवावें. ऊन पाण्याचें कुंड समाविष्ट असतें, मालीश उपलब्ध असतें, आणि उपलब्ध म्हटलें कीं त्याचा हिशेब शेवटच्या दिवशीं होतो.

‘स्पा’ हें मूळचें बेल्जियममधील एका लहानशा गांवाचें नांव. तेथील झऱ्यांचें पाणी पिण्यासाठीं व स्नानासाठीं शेंकडों वर्षें लोक जात आले, आणि गांवाचें विशेषनाम सामान्यनाम होऊन बसलें. २०२१ सालीं युनेस्कोनें युरोपांतील अशा अकरा नगरांस जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत स्पा आहेच. मौज अशी कीं त्या गांवचे प्रसिद्ध झरे लोहयुक्त असले तरी थंड आहेत. ऊन पाण्याच्या धंद्यास ज्या गांवानें नांव दिलें, त्याचें पाणी गार!

स्पामध्यें प्रत्यक्ष काय घडतें? मंद दिव्याच्या खोलींत उंच बाकावर पालथें निजवून अंगास तेल चोळतात. त्याआधीं किंवा नंतर वाफेच्या खोलींत बसवितात. कोठें कपाळावर कोमट तेलाची संथ धार धरतात, तिला शिरोधारा म्हणतात. कोठें चिखलाचा किंवा उटण्याचा लेप देतात. शेवटीं ऊन पाणी आणि पेलाभर काढा. नांवें कितीहि असोत, उष्णता, तेल आणि निवांतपणा यांखेरीज त्यांत फारसें कांहीं सांपडत नाहीं, आणि हा व्यवहार नवाहि नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत स्वेदावर स्वतंत्र अध्याय असून अग्नीच्या साह्यानें घाम आणण्याचे तेरा प्रकार त्यांत वर्णिले आहेत. नळीवाटे वाफ देणें तो नाडीस्वेद, काढ्यानें भरलेल्या द्रोणींत बसविणें तो अवगाह, तापविलेल्या गृहांत शिरणें तो जेंताक. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, म्हणजे सन ११२९ च्या सुमारास, राजाच्या उपभोगांमध्यें स्नानास स्वतंत्र स्थान दिलेलें आहे.

समुद्रकांठीं मूल्य घेऊन हें सर्व परक्या पाहुण्यांस देण्याचा उद्योग एका हिंदी माणसानें इंग्लंडांत यशस्वी करून दाखविला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाहीं. शेख दीन महंमद हे १७५९ सालीं पाटण्यास जन्मले. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर त्यांचें तारुण्य गेलें. नंतर ते आयर्लंडांत जाऊन राहिले. १८१० मध्यें त्यांनीं लंडनला हिंदुस्थानी पदार्थांचें खाद्यगृह उघडलें, पण तें चाललें नाहीं. मग ब्रायटन या किनाऱ्यावरील गांवीं त्यांनीं वाफेचें स्नानगृह काढलें. वनस्पतींच्या वाफेंत रोग्यास बसवावयाचें. त्याच्या भोंवतीं फ्लॅनेलचा तंबू. त्या तंबूस बाह्या शिवलेल्या. आणि मालीश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आंत घालून रोग्याचें अंग रगडी. संधिवातानें जखडलेले श्रीमंत लोक तेथें येऊं लागले. बरे होऊन गेलेल्यांच्या कुबड्या दर्शनी भागांत मांडून ठेवल्या जात. जाहिरातीची ही युक्ति आजच्या धंदेवाल्यांसहि सुचणार नाहीं! या उपचाराविषयीं त्यांनीं १८२२ सालीं पुस्तक लिहिलें. चौथा जॉर्ज आणि त्याच्यामागून चौथा विल्यम या दोन राजांची सेवा त्यांस मिळाली. १८५१ त ब्रायटनलाच ते वारले. ‘शांपू’ हा शब्द हिंदींतील ‘चांपो’पासून झाला, आणि त्या काळीं त्याचा अर्थ अंग चेपणें असाच होता, केस धुण्याचें द्रव्य हा अर्थ मागाहून आला.

आतां गुणाची गोष्ट. ऊन पाण्यांत किंवा वाफेंत शिरल्यावर कातडीखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, उष्णता बाहेर टाकण्यासाठीं रक्त कातडीकडे वळतें, नाडी जलद चालते आणि रक्तदाब उतरतो. आंवळलेले स्नायू सैल पडतात व सांध्यांचा ताठरपणा कांहीं काळ कमी होतो. पाणी शरीराचा भार तोलून धरतें, म्हणून ज्याचे गुडघे दुखतात त्यास पाण्यांत पाय हालविणें सोपें जातें. मालीशानें कंबरदुखीस तात्पुरता उतार पडतो आणि झोंप बरी लागते. महिनोन् महिने टिकणारा गुण मात्र त्यापासून येतो असें सिद्ध झालेलें नाहीं. फिनलंडमधील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांच्या दीर्घ पाहणीचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून चार वा अधिक वेळां तापलेल्या खोलींत, म्हणजे सौनांत, बसणाऱ्यांमध्यें हृदयविकारानें मरणाऱ्यांचें प्रमाण कमी आढळलें. परंतु जो धडधाकट असतो तोच अशा खोलींत वारंवार जातो, हेंहि विसरतां येत नाहीं.

‘शरीरांतील विषें बाहेर टाकलीं जातात’ हें वाक्य स्पाच्या पत्रकांत हटकून असतें. तें मानण्याचें कारण नाहीं. घाम म्हणजे बहुतांशीं पाणी आणि मीठ. नको असलेलीं द्रव्यें वेगळीं करण्याचें काम यकृत आणि मूत्रपिंडें करीत असतात, आणि तीं त्याकरितां कोणत्याहि रिसॉर्टच्या बिलाची वाट पाहत नाहींत.

मग गोव्यापर्यंत जावें कीं काय? लांज्याहून दक्षिणेस निघालें म्हणजे राजापूर येतें. तेथें जवळच अर्जुना नदीच्या परिसरांत उन्हाळे नांवाचें स्थान आहे, आणि भूमींतून बारा महिने ऊन पाणी वाहत आहे. अधूनमधून प्रगट होणारी राजापूरची गंगा ती निराळी. बाहेरगांवचे लोक या दोहोंचा घोटाळा करतात. उत्तरेकडे गेल्यास संगमेश्वर तालुक्यांत राजवाडी, तुरळ व आरवली; पुढें खेड; दापोलीकडे उन्हवरे; रायगड जिल्ह्यांत पालीजवळ उन्हेरे आणि महाडजवळ सव; ठाणें जिल्ह्यांत वज्रेश्वरी व गणेशपुरी. उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे या तिन्ही नांवांत आपला ‘ऊन’ हा शब्द बसलेला आहे. कोकणांत न्हाणीघरांतून ‘पाणी ऊन झालें का?’ असें विचारतात, तोच हा ऊन.

पाणी ऊन कां, याविषयीं एक चुकीची समजूत आहे. जमिनीखालीं ज्वालामुखी धगधगत आहे असें पुष्कळांस वाटतें. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याचा खरा, परंतु तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. केव्हांच निवून गेला. खरें कारण साधें आहे. पावसाचें पाणी खडकांतील भेगांतून खोल उतरतें. जमिनींत दर किलोमीटर खोलीस उष्णता साधारणतः २५ ते ३० अंशांनीं वाढत जाते. खोलवर तापलेलें हें पाणी एखाद्या मोठ्या भेगेची वाट सांपडली म्हणजे निवण्यापूर्वींच वर येतें. जेथें तें लवकर वर येतें तेथें अधिक ऊन, जेथें वाटेंत थंड पाणी मिसळतें तेथें कोमट. म्हणून उन्हवऱ्याचें पाणी मुळाशीं ७० अंशांच्या आसपास, तुरळचें ६० च्या सुमारास, तर राजापूरच्या उन्हाळ्याचें अंगास सोसेल इतकेंच, चाळिशीच्या किंचित् वर. पत्रिकेप्रमाणें हें अंतर महत्त्वाचें आहे, थट्टेचें नव्हे. साठ अंशांचें पाणी कांहीं सेकंदांत कातडी भाजतें. मुळाशीं हात घालून पाहण्याची हौस लहान मुलांस असते. त्यांस धरून ठेवावें.

तेल आणि शेक यांची ओळख तर घरोघर आहे. नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नान, नारळाच्या दुधांत कालविलेलें उटणें, पायाच्या अंगठ्यानें फोडलेलें कारीट. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे माहेरीं आलेल्या बाळंतिणीचें सव्वा महिन्याचें तेल-पाणी. मालीश करणारी बाई रोज सकाळीं येते, बाळबाळंतिणीस चोळते, ऊन पाण्यानें न्हाऊ घालते. शिणलेल्या शरीरास ती निवांत अर्धा घटका फार मोलाची असते, आणि या बाईच्या हातांतील कसब रिसॉर्टमधील कोणाहि प्रशिक्षित माणसापेक्षां कमी प्रतीचें नसतें. तिला मिळणारा मोबदला मात्र लाज वाटावी इतका कमी असतो. एक गोष्ट येथें स्पष्टपणें सांगितली पाहिजे. बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारें-खिडक्या लावून घेणें धोक्याचें आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेल्या आईस आणि मुलास तो कळतहि नाहीं. शेक द्यावयाचाच तर खिडकी उघडी ठेवावी, आणि शेगडी खोलींत ठेवून कोणीं निजूं नये.

ऊन झऱ्यांचाहि एक धोका अलीकडे ध्यानांत आला आहे. इंग्लंडांतील बाथ शहरीं रोमन लोकांनीं बांधलेल्या स्नानगृहांत आजहि ४६ अंशांचें पाणी दररोज अकरा लक्ष लिटरांहून अधिक येतें. त्या पाण्यांत पोहलेली एक मुलगी १९७८ सालीं मेंदूच्या दाहानें मृत्यु पावली. ऊन पाण्यांत वाढणारा नेग्लेरिया नांवाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोंचला होता. तेथील स्नानें बंद झालीं, आणि पाणी शुद्ध करण्याची सोय असलेलें नवें स्नानगृह उघडण्यास २००६ साल उजाडलें. केरळांत २०२४ व २०२५ सालीं अमीबाजन्य मेंदूदाहाचे अनेक रोगी आढळले. हा जीव पाणी प्याल्यानें बाधत नाहीं. नाकांत पाणी गेल्यानें बाधतो. असा रोग अत्यंत विरळा आहे, परंतु झाला तर बहुधा जीव घेतो. तेव्हां पवित्र कुंड म्हणून नाक धरून किंवा न धरतां बुडी मारण्याची जी चाल आहे, ती सोडणें बरें. गळ्यापर्यंत बसावें आणि डोक्यावर घरून आणलेलें स्वच्छ पाणी घ्यावें.

रिसॉर्ट असो वा गांवचें कुंड, दहा-पंधरा मिनिटांहून अधिक ऊन पाण्यांत राहूं नये, आणि उठतांना एकदम उभें राहूं नये. रक्तदाब उतरलेला असतो, भोंवळ येते, आणि तेलकट फरशीवर पडून खुब्याचें हाड मोडतें. नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेल्यानें, गर्भवतीनें, ताप असणाऱ्यानें वैद्यास विचारल्याखेरीज उतरूं नये. मधुमेहानें पाय बधिर झालेल्यानें आधीं दुसऱ्याकडून पाणी तपासून घ्यावें, कारण भाजलेलें त्यास कळत नाहीं. मद्य घेऊन तर कोणींच उतरूं नये. रिसॉर्टमध्यें पेय समाविष्ट असतें म्हणून ही सूचना अधिक आवश्यक. पोटरी एकाच पायाची सुजून दुखत असेल तर ती चोळून घेऊं नये, आंत रक्ताची गांठ असण्याचा संभव असतो.

गोव्यास जाण्याची ऐपत आहे त्यानें अवश्य जावें. समुद्राचा वारा, आयतें जेवण आणि चार दिवस कोणी हांक न मारणें यांचेंहि मोल आहे, विशेषतः जी बाई जन्मभर चुलीपुढें उभी राहिली तिच्या दृष्टीनें. परंतु लावणीनें कंबर धरलेल्या शेतकऱ्यास आणि त्याच्या बायकोस तोच शेक एस. टी. च्या तिकिटांत मिळण्याजोगा आहे. त्याकरितां कुंडाशीं फार मोठें बांधकाम नको. स्त्रियांसाठीं पुरी आडोशाची जागा व कपडे बदलण्याची खोली, साबण व कपडे धुण्यास निराळा ओटा, पाणी सतत वाहतें राहील अशी मोरी, आठवड्यांतून एकदां शेवाळ खरवडून काढणारा माणूस, आणि आजचें पाणी किती अंश ऊन आहे हें खडूनें लिहिण्यास एक फळा, इतकें झालें तरी पुरे. यांपैकीं फळ्यास आणि खडूस तर कोणत्याहि शासकीय मंजुरीची वाट पाहण्याचें कारण नाहीं.