चांदे-नांदेच्या आकाशातला एक टिपका

१८ मे २०२३ च्या मध्यरात्रीच्या आसपास, भारतीय वेळेनुसार, एम १०१ या दीर्घिकेतल्या एका ताऱ्याच्या स्फोटाचा पहिला प्रकाश पृथ्वीवर पोचला. तो निघाला होता सुमारे दोन कोटी दहा लाख वर्षांपूर्वी. त्या घटकेला पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या नांदे गावावरून पाहिले असते, तर सप्तर्षी उत्तरेला उंच चढून किंचित पश्चिमेला कलले होते आणि वसिष्ठ व मरीची यांच्याशी त्रिकोण करणारी ही दीर्घिका क्षितिजापासून पन्नासएक अंशांवर, हिंजवडी-माणच्या उजेडाच्या बरीच वर होती. स्फोटाची बातमी जगाला लागली ती दुसऱ्या रात्री. जपानमधले ज्येष्ठ हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांच्या दुर्बिणीने १९ मे रोजी, आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजत आले असताना, पंधराव्या प्रतीचा नवा टिपका पकडला. त्याचे नाव पडले एसएन २०२३ आयएक्सएफ. मधले जवळजवळ चोवीस तास हा प्रकाश साऱ्या गोलार्धावर पडत होता आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. नंतर निरनिराळ्या देशांतल्या हौशी छायाचित्रकारांनी आपापल्या फायली चाळल्या. चीनमधल्या काहींच्या फ्रेममध्ये स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांतला टिपका सापडला आणि त्यांच्या आधारे २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सुपरनोव्हाच्या, म्हणजे अतिनवताऱ्याच्या, छायाचित्राचे मोल त्याच्या देखणेपणात नसून त्यावरच्या वेळेत असते, आणि अशी वेळेची नोंद करायला शहराला चिकटलेले चांदे-नांदेसुद्धा पुरते, हे या लेखात मांडायचे आहे.

यावर पहिला आक्षेप येणार तो उजेडाचा, आणि तो खोटा नाही. सूस ओलांडून पुढे आले की पूर्वेला बाणेर-बालेवाडी आणि उत्तरेला हिंजवडी, दोन्हीकडचे क्षितिज रात्रभर पांढरट असते. बरे म्हणावे असे आकाश उरते ते डोक्यावर आणि पश्चिमेच्या डोंगरांकडे. पण हा उजेड नेमके काय बिघडवतो, ते हिशेबाने पाहावे. समजा इथले आकाश अंधाऱ्या जागेपेक्षा तीन प्रतींनी उजळ आहे, म्हणजे सुमारे सोळा पट. दीर्घिकेचे फिकट, पसरलेले बाहू अशा आकाशात बुडून जातात आणि सुंदर चित्राची आशा तिथेच संपते. सुपरनोव्हाचे तेज मात्र सेन्सरच्या मोजक्या चौकटींत गोळा झालेले असते. आजूबाजूच्या आकाशाचा उजेड मोजून वजा करता येतो. मागे उरतो तो गोंगाट, आणि त्यावर उपाय जास्त वेळ प्रकाश गोळा करण्याचा. अंधाऱ्या जागी एका मिनिटात जे साधते, त्याला इथे सोळा मिनिटे लागतील. सोळा मिनिटे म्हणजे काही अशक्य गोष्ट नव्हे.

शिवाय दाखलेही आहेत. २१ जानेवारी २०१४ ला एम ८२ मधला सुपरनोव्हा सापडला तो लंडनच्या मिल हिलमधून. स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना दुर्बीण शिकवत होते, ढग येऊ लागले होते, दुर्बीण ३५ सेंटिमीटरची. स्फोट होऊन आठवडा झाला होता आणि जगातल्या स्वयंचलित शोधमोहिमांच्या नजरेतून तो निसटला होता. अर्जेंटिनात रोसारिओ या दाट वस्तीच्या शहरात व्हिक्टर बुसो या कुलूप बनवणाऱ्या गृहस्थांनी २० सप्टेंबर २०१६ ला गच्चीवरच्या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा लावून एनजीसी ६१३ या दीर्घिकेच्या फ्रेम घेतल्या. शहराच्या उजेडाने फ्रेम भरून जाऊ नयेत म्हणून त्यांनी एकेक फ्रेम वीसच सेकंदांची ठेवली. पहिल्या चाळीसेक फ्रेममध्ये काही नाही. सुमारे पाऊण तासाच्या खंडानंतरच्या फ्रेममध्ये टिपका आहे आणि तो वाढतो आहे. ताऱ्याच्या पोटातून निघालेला धक्का पृष्ठभाग फोडून बाहेर पडतानाचा तो क्षण इतक्या स्पष्टपणे तोवर कुणालाच टिपता आला नव्हता. उजेडावरचा उपाय म्हणून केलेले वीस-वीस सेकंदांचे तुकडेच इथे कामी आले, कारण त्यामुळे बदल मिनिटामिनिटाने वाचता आला. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते.

पुण्याला हे काम अगदी परकेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज हौशी मंडळींकडे सर्रास असते ती आठ इंची दुर्बीण. तिच्या आरशाचे क्षेत्रफळ वीस इंचीच्या जेमतेम सहावा भाग. पण छायाचित्रणाची जुनी काच शंभर प्रकाशकणांतले एकदोनच धरून ठेवी, आजचा सेन्सर सत्तर-ऐंशी धरतो. म्हणजे नांद्यातल्या एखाद्या गच्चीवरची आठ इंची दुर्बीण प्रकाश गोळा करण्यात त्या सरकारी वेधशाळेला मागे टाकते.

दुसरा आक्षेप पावसाचा. मुळशीचा पाऊस कुणाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर दुर्बिणीवरचे झाकण काढण्यात अर्थ नसतो. इथे आकाशाची मांडणीच आपल्या मदतीला येते. पावसाळ्यात रात्री डोक्यावर असतो तो बहुतांशी आपल्याच आकाशगंगेचा पट्टा, वृश्चिक, धनु, श्रवण, हंस. त्या धुळीआड दूरच्या दीर्घिका दिसतात कमीच. दीर्घिकांची खरी गर्दी कन्या राशीच्या बाजूला आहे आणि ती रात्री माथ्यावर येते फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत. कन्या समूह आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. त्यात हजाराहून जास्त दीर्घिका. नांद्याच्या अक्षांशावरून तो माथ्यापासून सहासात अंशांवरून जातो, म्हणजे जिथे हवेचा थर सर्वांत पातळ आणि शहराचा उजेड सर्वांत कमी, नेमका तिथून. तिथे एक-ए जातीचा सुपरनोव्हा झाला आणि वाटेत फार धूळ नसली, तर तो बाराव्या प्रतीपर्यंत चढतो. दहा कोटी प्रकाशवर्षांवरचासुद्धा तेराव्या प्रतीच्या आसपास असतो. हे आकडे आठ इंची दुर्बिणीच्या आवाक्यातले आहेत. एका मोठ्या दीर्घिकेत असा स्फोट शंभर वर्षांत एखाद-दुसराच होतो हे खरे, म्हणून एकाच दीर्घिकेकडे टक लावून बसण्यापेक्षा रात्रीत पन्नास-शंभर दीर्घिकांवरून फिरावे. इंग्लंडातल्या निरीक्षकांना हे चार महिने असे सलग मोकळे मिळत नाहीत.

सर्वांत गंभीर आक्षेप तिसरा आहे. यंत्रे सगळे आकाश झाडून काढत असताना गच्चीवरच्या माणसाने काय करायचे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियात पालोमारवर झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी उभी राहिली. तिच्या एका फ्रेममध्ये ४७ चौरस अंश आकाश मावते आणि उत्तरेचे आकाश ती दोनतीन रात्रींत तपासून होते. तिने हजारो सुपरनोव्हा शोधले आहेत. चिलीतली रुबिन वेधशाळा ८.४ मीटरच्या आरशाने त्याहून कितीतरी फिकट स्फोट शोधेल. नव्या शोधाच्या शर्यतीत गच्चीवरचा माणूस बहुतेक वेळा हरणार, हे मान्यच करायला हवे. पण पालोमार आणि पुणे यांच्यात जवळजवळ साडेबारा तासांचे अंतर आहे. तिथे उजाडते तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होते, आणि तिथला दिवस मावळेपर्यंत स्फोटाचे पहिले तास निघून गेलेले असतात. ही फट बुजवण्यासाठीच जगभरच्या दुर्बिणींची ग्रोथ नावाची साखळी आखली गेली आणि आयआयटी मुंबई व भारतीय खगोलभौतिकी संस्थेने २०१८ मध्ये लडाखच्या हानलेत ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण सुरू केली. एम १०१ मधल्या या सुपरनोव्हाचे वेध तिनेही घेतले. पण हानलेत ढग असतील किंवा ती दुर्बीण दुसऱ्या कामात असेल, त्या रात्री सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची एक फ्रेम पुरी पडू शकते. रुबिनचे म्हणाल तर सुमारे सोळाव्या प्रतीहून तेजस्वी ताऱ्याने तिचा सेन्सर भरून जातो, आणि एम १०१ तिच्या क्षितिजावर सहा अंशांपेक्षा वर कधी येतच नाही. सप्तर्षींची राखण तिच्याकडून होणार नाही.

वर्णपट मात्र लहान दुर्बिणीचे काम नव्हे. त्यासाठी आयुका संस्थेच्या गिरवलीतल्या दोन मीटर दुर्बिणीसारखे साधन हवे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ढग अडवत नाहीत आणि उजेडही नाही, पण सुपरनोव्हाच्या रेडिओलहरी साधारणपणे मागाहून येतात. पहिला तास दृश्य प्रकाशाचाच.

राहतो प्रश्न विश्वासाचा. हौशी माणसाच्या फ्रेमवर शास्त्रज्ञाने भरवसा का ठेवावा? ठेवावा तो माणसावर नव्हे, फायलीवर. चांगल्या नोंदीत साठ-साठ सेकंदांच्या कच्च्या फ्रेम असतात, दुरुस्तीसाठी त्याच रात्रीच्या डार्क आणि फ्लॅट फ्रेम असतात, प्रत्येकीवर इंटरनेटवरून जुळवलेल्या घड्याळाची जागतिक वेळ आणि कोणता फिल्टर होता ते लिहिलेले असते. टिपक्याचे तेज त्याच फ्रेममधल्या प्रत ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी ताडून काढता येते. दीर्घिकेची जुनी फ्रेम वजा केली की उरते ते नवे काय ते. हे सगळे वीस वर्षांनी दुसरा कुणीही पुन्हा करून पाहू शकतो. उलट रंग भरून, धार काढून, ताणून सजवलेल्या चित्रातून तेज मोजता येत नाही, कारण आकडे तिथे मूळचे राहिलेलेच नसतात. आपल्याकडे दुर्बिणी वाढल्या, कॅमेरे उत्तम आले, पण चित्र तयार झाले की जागा अडते म्हणून कच्च्या फायली पुसायची सवय आहे, आणि ती मला खरोखर सलते. पुसली जाते ती परत न मिळणारी वेळ.

म्हणून पुणे, मुळशी, मावळ, कुठूनही आकाश टिपणाऱ्यांना एक विनंती. कन्या समूहाच्या, सप्तर्षींतल्या दीर्घिकांच्या कच्च्या फ्रेम तारखेनिशी जपून ठेवा. आणि १८ किंवा १९ मे २०२३ च्या रात्री कुणी एम १०१ कडे कॅमेरा लावला असेल, तर ती फाईल आजच उघडून पाहा.